अनुदानाआधी स्वतःचा हिस्सा : पीएमईजीपी आणि पीएमएफएमई योजनांसाठी पैसा कसा उभा करावा आणि कागदावर कसा दाखवावा

छोटा उद्योग सुरू करणाऱ्यांच्या कानावर पहिल्यांदा पडते ते '३५ टक्के अनुदान'. मात्र या योजनांमध्ये उद्योजकाच्या हातात थेट पैसे पडत नाहीत, आणि सगळ्यात आधी जो पैसा लागतो तो सरकारचा नसून अर्जदाराचा स्वतःचा असतो, ही गोष्ट बहुतेकांना बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर कळते. प्रकल्पाचा खर्च तीन ठिकाणांहून येतो : अर्जदाराची स्वगुंतवणूक, बँकेचे कर्ज आणि सरकारचे अनुदान. यांतली स्वगुंतवणूक टक्केवारीने सर्वांत लहान असली, तरी ती वेळेवर आणि पुराव्यासह उभी राहिली नाही तर बाकीचे दोन्ही स्रोत हलत नाहीत. त्यामुळे 'अनुदान किती मिळेल' याच्या आधी 'माझा हिस्सा किती, तो कोणत्या खर्चावर मोजला जातो आणि तो कुठून आला हे मी कसे दाखवणार' या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत. हा लेख त्याच क्रमाने जातो. आकडे आणि नियम २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर आधारित आहेत. अर्ज करण्यापूर्वी संबंधित पोर्टलवर त्या वेळी लागू असलेली सूचना उघडून एकदा ताडून पाहावी.

पहिली पायरी : योजना आणि आपला प्रवर्ग निश्चित करणे

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, ही योजना २००८ पासून सुरू आहे. खादी व ग्रामोद्योग आयोग, राज्याचे खादी व ग्रामोद्योग मंडळ, जिल्हा उद्योग केंद्र आणि काथ्या उद्योगासाठी कॉयर बोर्ड अशा यंत्रणांमार्फत ती राबवली जाते. सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या १० टक्के रक्कम स्वतः घालावी लागते आणि त्याला शहरी भागात १५ टक्के, तर ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांचा समावेश विशेष प्रवर्गात होतो. त्यांचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के असून अनुदान शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के असते. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा ५० लाख रुपये आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपये आहे. प्रकल्प त्याहून मोठा असल्यास वरच्या रकमेवर अनुदान मिळत नाही, ती बँकेच्या कर्जातून भागवावी लागते.

दुसरी योजना प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, म्हणजे पीएमएफएमई. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात कृषी विभागामार्फत राबवली जाते. येथे प्रवर्ग किंवा गाव-शहर असा भेद नाही. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते आणि अर्जदाराचा हिस्सा किमान १० टक्के असावा लागतो. ही दहा लाखांची कमाल मर्यादा नीट लक्षात घ्यावी. साधारण साडेअठ्ठावीस लाखांच्या प्रकल्पापर्यंतच ३५ टक्के पूर्ण मिळतात. ४० लाखांच्या प्रकल्पात अनुदान प्रत्यक्षात २५ टक्केच पडते आणि स्वतःचा हिस्सा मात्र ४ लाखांवर जातो.

राज्य शासनाच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची (२०१९) रचनाही पीएमईजीपीसारखीच आहे. मात्र एकाच प्रकल्पासाठी दोन योजनांचे भांडवली अनुदान घेता येत नाही. पीएमईजीपीत तर एका कुटुंबातील, म्हणजे पती-पत्नींपैकी, एकालाच लाभ मिळतो. म्हणून अर्ज कोणाच्या नावावर करायचा हा निर्णय आधी घ्यावा. पतीचा प्रवर्ग सर्वसाधारण असेल आणि व्यवसाय खरोखर पत्नी चालवणार असेल, तर तिच्या नावाने अर्ज केल्यास स्वतःचा हिस्सा निम्म्यावर येतो. मात्र व्यवसाय दुसऱ्याने चालवायचा आणि अर्जावर नाव केवळ टक्केवारीसाठी पत्नीचे घालायचे, असा प्रकार करू नये. बँकेच्या मुलाखतीत कच्चा माल कुठून आणणार, दर काय, गिऱ्हाईक कोण, असे प्रश्न अर्जदारालाच विचारले जातात आणि कर्जाची जबाबदारीही तिच्याच नावावर राहते.

ग्रामीण की शहरी, याचाही दाखला लागतो. पंचायत राज संस्थांच्या हद्दीतील क्षेत्र ग्रामीण धरले जाते, नगरपालिका-महापालिकांचे शहरी. शहराला लागून असलेल्या गावात जागा घेताना ते गाव अद्याप ग्रामपंचायतीत आहे की हद्दवाढीत गेले आहे, हे भाडेकरार करण्यापूर्वी तपासावे, कारण त्यावर अनुदानाचे दहा टक्के अवलंबून आहेत.

दुसरी पायरी : कोणता खर्च मोजला जातो

स्वतःच्या हिश्श्याची टक्केवारी 'पात्र' प्रकल्प खर्चावर काढली जाते. त्यामुळे काय पात्र आणि काय अपात्र, हे समजून घेणे टक्केवारी पाठ करण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. दोन्ही योजनांत जमिनीची किंमत धरली जात नाही. 'माझी पाच गुंठे जागा आहे, तीच माझा हिस्सा धरा' ही मागणी त्यामुळे मान्य होत नाही, मग त्या जागेचा बाजारभाव कितीही असो. जागेवर बांधायच्या शेडचा खर्च मात्र धरता येतो, आणि जागा भाड्याची असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षांचे भाडे प्रकल्प खर्चात दाखवता येते. सातबारा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असल्यास शेड बांधण्यापूर्वी त्यांच्याशी रीतसर भाडेकरार किंवा बँक मागेल त्या नमुन्यातील संमतीपत्र करून ठेवावे, कारण घरातली तोंडी परवानगी बँकेच्या फाइलला चालत नाही.

यंत्रसामग्री हा मुख्य खर्च असतो. कोटेशन घेताना त्यात जीएसटी, वाहतूक आणि उभारणी यांचा समावेश आहे का, हे पाहावे. विक्रेत्याने सहा लाखांचे कोटेशन 'कर अतिरिक्त' म्हणून दिले आणि यंत्रावर १८ टक्के कर असेल, तर १,०८,००० रुपयांचा फरक थेट अर्जदाराच्या खिशावर येतो. प्रकल्प अहवाल एकदा मंजूर झाल्यावर ती रक्कम मागाहून वाढवून मिळणे कठीण असते. मंजुरीपूर्वी घेऊन ठेवलेले यंत्र 'हा माझा हिस्सा' म्हणून दाखवण्याचा मोहही टाळावा. पीएमईजीपी ही नव्या उद्योगासाठीची योजना असल्याने आधीच्या खरेदीमुळे उद्योग जुना आहे की काय, असाच प्रश्न उभा राहतो. पीएमएफएमईत चालू उद्योगाच्या विस्ताराला वाव आहे, पण तेथेही मोजली जाते ती नवी गुंतवणूक. शिवाय पीएमएफएमईत बांधकामाचा खर्च पात्र प्रकल्प खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरतात. यंत्रापेक्षा शेडच मोठी दाखवणारे अहवाल तेथे अडतात.

खेळते भांडवल, म्हणजे कच्चा माल, मजुरी अशा रोजच्या खर्चासाठीचा पैसा, पीएमईजीपीत धरले जाते : उत्पादन उद्योगात प्रकल्प खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि सेवा उद्योगात ६० टक्क्यांपर्यंत. स्वतःचा हिस्सा यंत्रांइतकाच खेळत्या भांडवलावरही लागतो, हे अनेकांच्या हिशेबातून सुटते.

तिसरी पायरी : एका प्रकल्पाचा हिशेब

साताऱ्याजवळच्या एखाद्या गावात लाकडी घाण्याचे तेल काढण्याचा १२ लाख रुपयांचा प्रकल्प धरू. यंत्रे ७ लाख, शेड २ लाख, खेळते भांडवल ३ लाख. अर्जदार महिला असल्यास पीएमईजीपीत तिचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे ६०,००० रुपये. बँक ९५ टक्के, म्हणजे ११,४०,००० रुपये मंजूर करते. त्यातील ८,५५,००० रुपये मुदत कर्ज आणि २,८५,००० रुपये खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे काढता-भरता येणारे कर्ज) म्हणून असतात. अनुदान ३५ टक्क्यांनी ४,२०,००० रुपये होते. ते वेगळे मिळत नाही, तर याच ११,४०,००० रुपयांतून नंतर वळते होते. म्हणजे अंतिमतः फेडायचे मुद्दल ७,२०,००० रुपये राहते.

हाच प्रकल्प सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाने शहरात सुरू केला, तर त्याचा हिस्सा १,२०,००० रुपये, अनुदान १,८०,००० रुपये आणि फेडायचे मुद्दल ९ लाख रुपये होते. पीएमएफएमईमधून केल्यास, संपूर्ण खर्च पात्र ठरला असे धरून, हिस्सा १,२०,००० रुपये, अनुदान ४,२०,००० रुपये आणि निव्वळ कर्ज ६,६०,००० रुपये. सर्वसाधारण प्रवर्गातील शहरी अर्जदाराला अन्न प्रक्रियेच्या उद्योगासाठी पीएमएफएमई सरळसरळ फायद्याची आहे. ग्रामीण महिलेच्या बाबतीत, याच गृहीतकावर, अनुदान दोन्हीकडे सारखेच असल्याने निर्णय 'आज हातात साठ हजार आहेत की एक लाख वीस हजार' यावर येऊन थांबतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बँकेच्या व्यवहारात 'मार्जिन' म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायची रक्कम, तर पीएमईजीपीच्या कागदपत्रांत 'मार्जिन मनी' म्हणजे सरकारी अनुदान. मॅनेजर 'मार्जिन कधी भरणार?' असे विचारतो तेव्हा तो अर्जदाराच्या पैशांबद्दल बोलत असतो आणि अर्जदार अनुदानाबद्दल उत्तर देत असतो. बोलताना 'माझा हिस्सा' आणि 'सबसिडी' असे स्पष्ट शब्द वापरले की हा गोंधळ होत नाही.

चौथी पायरी : प्रत्यक्ष किती रोकड लागेल

कागदावरचे ६०,००० म्हणजे उद्योग सुरू करायला लागणारी सगळी रोकड असे समजू नये. महावितरणच्या थ्री-फेज जोडणीची अनामत, वायरिंग, अन्न व्यवसायासाठी एफएसएसएआय नोंदणी, बँकेचे प्रक्रिया शुल्क, पतहमीचे (तारणाऐवजी बँकेला मिळणाऱ्या हमीचे) शुल्क, करारांचे मुद्रांक, विमा, मालवाहतूक आणि पहिला माल विकला जाईपर्यंतची मजुरी, यांतील बराचसा खर्च प्रकल्प अहवालात नसतो किंवा असला तरी आधी खिशातून करावा लागतो. त्यात अनुदान तीन वर्षांनी वळते होणार असल्याने सुरुवातीच्या काळात त्याचा रोकडीला उपयोग नसतो. माझ्या मते १० टक्के हिस्सा असणाऱ्याने एकूण २० टक्क्यांच्या आसपास आणि ५ टक्के हिस्सा असणाऱ्याने निदान १२ ते १५ टक्के रक्कम हाताशी असल्याशिवाय अर्ज करू नये. हा शासनाचा नियम नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत बंद पडणारे उद्योग बहुधा मागणीअभावी नव्हे, तर या मधल्या रोकडीअभावी अडतात, असे मला वाटते.

पाचवी पायरी : पैसा कुठून आला, हे दाखवणे

बँकेला हिस्सा केवळ पाहायचा नसतो, त्याचा माग हवा असतो. बचत खात्यात वर्षभर हजार-दीड हजार शिल्लक आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम सव्वा लाख रोख जमा, असे खातेपुस्तक पाहिले की कोणीतरी चार दिवसांसाठी पैसे दिले आहेत, हा संशय मॅनेजरला येणारच. त्यामुळे अर्जाच्या निदान सहा महिने आधीपासून उत्पन्न खात्यातून फिरवायला सुरुवात करावी. साखर कारखान्याचे ऊसबिल आणि दूध संघाचे बिल बहुधा खात्यातच येते. बाजार समितीत माल विकल्याची हिशेबपट्टी मात्र लोक फेकून देतात. ती जपून ठेवावी आणि विक्रीची रक्कम त्याच सुमारास खात्यात भरावी, म्हणजे पट्टीवरचा आकडा आणि खात्यातील नोंद जुळते. नोकरी करणाऱ्यांसाठी पगाराचे खाते, मोडलेली मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम किंवा आयुर्विम्याची परिपक्व पॉलिसी हे सर्वांत सरळ पुरावे आहेत.

घरच्यांनी दिलेली रक्कम चालते. ती आई-वडिलांच्या किंवा भावाच्या खात्यातून धनादेशाने किंवा ऑनलाइन यावी आणि सोबत 'ही रक्कम भेट म्हणून दिली आहे, परत घ्यायची नाही' असे साधे पत्र असावे. जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही. उसनवारी मात्र वेगळी गोष्ट आहे. एक तर २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास प्राप्तिकर कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो. दुसरे असे की बँकेच्या दृष्टीने उसना पैसा म्हणजे आणखी एक कर्जच, त्याला हिस्सा म्हणता येत नाही.

सोनेतारण कर्जाबद्दल सावध राहावे. घरातले दागिने गहाण ठेवून हिस्सा भरणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, पण ते कर्ज सिबिल अहवालात दिसते आणि नव्या कर्जाच्या हप्त्यासोबत त्याचे व्याजही सुरू राहते. दागिने मोडायचेच असतील तर ते विकून सराफाची पावती घेतलेली बरी, हे ऐकायला कटू असले तरी हिशेबाला योग्य आहे. भिशीतून आलेली रक्कमही शक्यतो थेट दाखवू नये, कारण खाजगी भिशीचा बँकेला मान्य होईल असा कागद नसतो. बचत गटातील सदस्यांसाठी पीएमएफएमईत प्रति सदस्य ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची सोय आहे. मात्र ते गटामार्फत खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी मिळते. व्यक्तिगत प्रकल्पाचा १० टक्के हिस्सा त्यातून निघेल असे गृहीत धरू नये.

सहावी पायरी : बँकेतील क्रम

अर्ज ऑनलाइन होतो आणि त्याला शुल्क नाही. 'फाइल पुढे सरकवतो' म्हणून टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला दिलेला प्रत्येक रुपया हिश्श्यातूनच जातो. यंत्रणेची छाननी झाल्यावर अर्ज बँकेकडे जातो आणि बँक स्वतःच्या निकषांवर निर्णय घेते. मंजुरीपत्र आले की त्यातील तीन गोष्टी आधी वाचाव्यात : हिश्श्याची रक्कम, ती भरण्याची मुदत आणि कर्ज कोणत्या टप्प्यांत सुटणार. पीएमईजीपीत २ लाखांवरील प्रकल्पांसाठी उद्योजकता प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते, ५ लाखांवर ते दहा दिवसांचे असते. हिस्सा कर्जखात्याशी जोडलेल्या खात्यात भरायचा असतो. तो थेट यंत्र विक्रेत्याला आगाऊ देऊन 'भरला' असे सांगितल्यास पुढे फार त्रास होतो. हिस्सा जमा झाल्यावर बँक कर्जाचा पहिला हप्ता सोडते आणि त्यानंतर अनुदानाचा दावा पाठवते. विक्रेत्याला रक्कम बँकेकडूनच जाते. पूर्ण बिल, पक्की पावती आणि यंत्राचा अनुक्रमांक यांच्या प्रती लगेच जमा कराव्यात.

काही वेळा शाखेत सांगितले जाते की ५ टक्के चालणार नाहीत, २५ आणा. योजनेनुसार बँकेने सर्वसाधारण प्रवर्गात ९० आणि विशेष प्रवर्गात ९५ टक्के मंजूर करणे अपेक्षित आहे. वाद न घालता हे म्हणणे लेखी मागावे आणि ते घेऊन जिल्हा उद्योग केंद्राकडे किंवा अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाकडे (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय पाहणारा अग्रणी बँकेचा अधिकारी) जावे. तारणाबाबतही असेच. सूक्ष्म व लघू उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या (२०२५-२६ मध्ये १० लाख) कर्जासाठी तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे आणि त्यावरील कर्जासाठी सीजीटीएमएसई या सूक्ष्म व लघू उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची पतहमी उपलब्ध असते. मात्र बँक प्रकल्प अव्यवहार्य ठरवून नाकारू शकते, आणि तसे झाले तर भांडण्याऐवजी नकाराचे कारण वाचून अहवाल दुरुस्त करणे अधिक उपयोगाचे.

सातवी पायरी : अनुदानाची तीन वर्षे

पीएमईजीपीत अनुदान आल्यावर बँक ते अर्जदाराच्या नावे तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवते. या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्याच रकमेच्या कर्जावर व्याज आकारलेही जात नाही. अनुदान प्रत्यक्ष येईपर्यंत मात्र व्याज पूर्ण रकमेवर चालते. म्हणून दावा पाठवला का, रक्कम आली का आणि त्यानंतर व्याजाची आकारणी कमी झाली का, हे खातेउताऱ्यावर स्वतः पाहावे. चूक राहिलेली असेल तर ती दाखवून दिल्याशिवाय दुरुस्त होत नाही. तीन वर्षांनी उद्योगाची प्रत्यक्ष पाहणी होऊन अनुदान कर्जात वळते होते. पीएमएफएमईत ही तीन वर्षे बँकेने कर्जाचा शेवटचा टप्पा दिल्यापासून मोजली जातात आणि त्या वेळी उद्योग चालू व खाते नियमित असावे लागते.

पीएमईजीपीतील एक अट बहुतेकांना उशिरा कळते. खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट मर्यादा या तीन वर्षांत निदान एकदा पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि एकूण वापर मंजूर मर्यादेच्या ७५ टक्क्यांहून कमी असू नये. तसे न झाल्यास त्या प्रमाणात अनुदान परत घेतले जाते. अनुदान वाढावे म्हणून खेळते भांडवल फुगवून दाखवणाऱ्यांना हाच नियम पकडतो. वरच्या उदाहरणात तीन लाखांऐवजी साडेचार लाख खेळते भांडवल दाखवले, तर अनुदान कागदावर सुमारे ५२,५०० रुपयांनी वाढेल, पण शेंगदाणा-करडईची तेवढी खरेदी हंगामात खरोखर झाली नाही तर ते टिकणार नाही. त्यासाठी हिस्साही ७,५०० रुपयांनी जास्त भरावा लागेल, तो वेगळाच.

व्याजाचा भार कमी करायचा असेल तर अन्न प्रक्रिया उद्योजकांनी कृषी पायाभूत सुविधा निधीची चौकशी करावी. पात्र प्रकल्पांच्या २ कोटींपर्यंतच्या कर्जावर त्यात ३ टक्के व्याज सवलत मिळते आणि पीएमएफएमईच्या अनुदानासोबत ती घेता येते. मात्र अनुदान कितीही मिळत असले तरी प्रवर्तकाचा किमान १० टक्के हिस्सा तेथे सुटत नाही.

पहिले कर्ज फिटून अनुदान वळते झाल्यावर पीएमईजीपीतून विस्तारासाठी दुसरे कर्जही घेता येते. उत्पादन उद्योगात प्रकल्प खर्चाची मर्यादा १ कोटी आणि सेवा उद्योगात २५ लाख रुपये आहे, अनुदान १५ टक्के असते. या टप्प्यावर विशेष प्रवर्गाची ५ टक्क्यांची सवलत नसते आणि प्रत्येकाला १० टक्के घालावे लागतात. त्यामुळे पहिल्या तीन वर्षांत नफ्यातला काही भाग त्यासाठी वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकत राहावे.